संध्याकाळच्या तासाला कॉम्प्युटरचं वायफाय तुटतं, मोबाइलचं मात्र चालू राहतं. नेमकं कुठे शोधावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे, जमेल तेवढी सगळी माहिती एकदमच देते.

आम्ही नाशिकला असतो. बाबा निवृत्त गणित शिक्षक आहेत. आमच्या मूळ गावाकडच्या दहावीच्या मुलांना ते रोज संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात, फी वगैरे काही नाही. मुलं एकेका मोबाइलभोवती तिघं-चौघं बसतात, त्यामुळे तास मध्येच तुटला की तिकडे सगळा विस्कोट होतो आणि पुन्हा जमेपर्यंत वेळ जातो. बाबांना याचा फार त्रास होतो.

कॉम्प्युटर असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ११. वायफायसाठी नखाएवढं यूएसबी डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावलेलं आहे. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मध्ये एक भिंत आणि छोटा पॅसेज. फायबरचं कनेक्शन आहे.

तास सुरू झाला की थोड्या वेळाने बाबांचा आवाज तुटायला लागतो, मग खाली वायफायच्या खुणेच्या जागी पृथ्वीगोल येतो. अर्ध्या मिनिटात आपोआप परत जोडलं जातं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ अडखळतसुद्धा नाही. दुपारी त्याच कॉम्प्युटरवर बाबा तासभर व्हिडिओ बघतात, एकदाही तुटत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी अख्खा तास सुरळीत जातो, हे सगळ्यात कोड्यात टाकणारं आहे.

राउटर बंद-चालू केला. ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. कंपनीला फोन केला, त्यांनी लांबूनच लाइन तपासली आणि 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' म्हणाले. आता पुढे काय बघू?

गवतफुला

संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे राउटर जोरात असतात. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल 'ऑटो'वरून काढा आणि १, ६ किंवा ११ यातलं एक कायमचं ठेवा. चॅनलची रुंदी ४० असेल तर २० मेगाहर्ट्झ करा. आमच्या सोसायटीत एवढ्यानेच सुटलं होतं.

पाणपोई

नखाएवढी डोंगलं कामाची नसतात. आत अँटेना जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो आणि वर तो लोखंडी कॅबिनेटच्या पाठीला चिकटलेला. दोन बाहेरचे अँटेना असलेलं पीसीआय कार्ड टाका, विषय संपेल.

तारयंत्र

रानजाई ताई, काहीही विकत घेण्याआधी आणि काहीही बदलण्याआधी थोडं थांबा. मी ऑफिसांमधली नेटवर्क सांभाळतो, त्यातला अनुभव सांगतो. वायफाय तुटण्याच्या तक्रारीत लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एकाच वेळी चार गोष्टी बदलण्यात. चॅनल बदललं, ड्रायव्हर टाकला, राउटरची जागा हलवली. मग दोन दिवस बरं चाललं तर कशामुळे ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की परत पहिल्यापासून सुरुवात. आधी कुठला दुवा तुटतो ते शोधा. दुवे दोनच आहेत: कॉम्प्युटर ते राउटर, आणि राउटर ते बाहेरचं जग.

त्यासाठी एक पैसाही लागत नाही. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं. तास सुरू व्हायच्या आधी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत लिहा 'पिंग १९२.१६८.१.१ -टी'. हा तुमच्या राउटरचा पत्ता. काही राउटरचा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ असतो, 'आयपीकॉन्फिग' लिहिलंत की 'डिफॉल्ट गेटवे'पुढे खरा दिसेल. दुसरीत 'पिंग ८.८.८.८ -टी', हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. (सगळं इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत टाइप करायचं.) दोन्ही खिडक्या बाजूला ठेवून तास चालू द्या.

तुटेल त्या क्षणी बघा. पहिली खिडकी व्यवस्थित चालू आणि फक्त दुसरी अडली, तर घरातलं वायफाय निर्दोष आहे, फायबर किंवा कंपनीकडे बघायचं. दोन्ही एकदम अडल्या, तर गडबड कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्येच आहे, कंपनीला कितीही फोन केले तरी उपयोग नाही. आणि दोन्ही चालू असताना पानं उघडत नसतील तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बघावं लागतं, पण तुमच्या वर्णनावरून ते वाटत नाही.

दुसरं म्हणजे विंडोज स्वतःच याची नोंद ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा द्या. मागच्या तीन दिवसांचा आलेखासकट अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तो पत्ता तिथेच खाली येतो. ब्राउझरमध्ये उघडा. लाल खुणा जिथे आहेत तिथे तुटलं. प्रत्येक खुणेचं कारण लिहिलेलं असतं, ते इथे टाका.

तिसरं, चांगलं चालू असताना एकदा आणि तुटायला लागल्यावर एकदा 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' देऊन सिग्नलचे टक्के, चॅनल आणि 'रिसीव्ह रेट' (माहिती येण्याचा वेग, मेगाबिटमध्ये) हे तीन आकडे लिहून ठेवा.

जांभा

भिंतीचं काय आहे तेही सांगा. आमचं रत्नागिरीकडचं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंत दीड फुटाची. ओटीवरच्या राउटरचा सिग्नल माजघरात येतो आणि पडवीत पार मरतो. ५ गिगाहर्ट्झ तर माजघरातसुद्धा धड पोचत नाही. शेवटी पडवीपर्यंत केबल टाकून तिकडे दुसरा राउटर नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता लावला.

पुण्याकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये निराळाच प्रकार. माझ्या भावाचा फ्लॅट अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंतींचा आहे, ज्याला बिल्डर मायवान म्हणतात. विटेची भिंतच नाही, खोल्यांच्या मधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि आत लोखंडी जाळी. तिथे दोन भिंतींपलीकडे काही उरत नाही. तो बिचारा राउटरवर राउटर बदलत होता.

रानजाई

@जांभा, आमचं घर जुनं आहे, विटेच्या भिंती. लोखंडी कपाट आहे पण ते राउटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये येत नाही.

@तारयंत्र दादा, उद्या तासाला दोन्ही खिडक्या लावून बघते.

शेवंती

रानजाई, तोपर्यंत वीज वाचवण्याचं सेटिंग तरी बघून घे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' हा टॅब. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी कॉम्प्युटरला आहे, अशा अर्थाची बरोबरची खूण असते, ती काढून टाक. यूएसबी डोंगल असेल तर पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असतं तेही डिसेबल कर. माझ्या लॅपटॉपवर दर वेळी काही मिनिटं हात काढला की वायफाय जायचं, ते यानेच थांबलं.

तारयंत्र

शेवंती ताईंचं बरोबर आहे, ती खूण काढून ठेवण्यात तोटा काही नाही. पण वीज वाचवण्याचा दोष असेल तर तो कॉम्प्युटर निवांत असताना उठतो. इथे उलट आहे, ऐन तासात, म्हणजे डोंगलला सगळ्यात जास्त काम असताना तुटतं. म्हणून माझा त्यावर फारसा संशय नाही.

कडीपत्ता

धाग्यात घुसतो त्याबद्दल क्षमस्व, पण माझीही अशीच अडचण आहे. माझा जुना लॅपटॉप बरोबर तासा-तासाने काही सेकंद तुटतो. घड्याळ लावून बघितलं, अगदी ठोक्याला. बाकी सगळी उपकरणं ठीक.

तारयंत्र

@कडीपत्ता, ठोक्याला तुटणं ही उत्तम खूण आहे, कारण अडथळे, भिंती, शेजारी यांना घड्याळ कळत नाही. घड्याळावर चालतात त्या सेटिंग. राउटरच्या वायफाय सिक्युरिटीच्या पानावर 'ग्रुप की' बदलण्याचा कालावधी असतो, बऱ्याच राउटरमध्ये तो ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास. दर तासाला राउटर सगळ्यांना नवीन किल्ली वाटतो. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर ती वेळेत घेऊ शकला नाही तर राउटर त्याला बाहेर काढतो. आधी ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. नाहीच जमलं तर तो आकडा वाढवून बघा. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ (वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती) असं मिश्र सेटिंग असेल तर जुन्या लॅपटॉपसाठी नुसतं डब्ल्यूपीए-२ (एईएस) करून बघणंही योग्य.

तुटण्यामधलं अंतर दर वेळी नेमकं सारखंच असेल, पण ते एक तास नसेल, तर डीएचसीपीच्या 'लीज'ची, म्हणजे राउटर उपकरणाला आयपी पत्ता जितक्या वेळापुरता देतो त्याची मुदत बघायची. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होताना दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही असं समजायचं.

रानजाई

कालच्या तासाला सगळं करून बघितलं. सविस्तर लिहिते.

दोन्ही खिडक्या एकदमच अडल्या. आधी राउटरच्या खिडकीतला वेळ २-३ मिलिसेकंदांवरून तीनशे-चारशेवर गेला, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी, मग पृथ्वीगोल.

अहवालात तुटण्याचं कारण सगळीकडे एकच आहे, 'द नेटवर्क इज डिसकनेक्टेड बाय द ड्रायव्हर'. म्हणजे ड्रायव्हरच वाईट ना? मी तर तो नुकताच नवीन टाकला होता.

आणि ते तीन आकडे. दुपारी सिग्नल ८४ टक्के, चॅनल ६, रेट ७२. तासात तुटायच्या जरा आधी सिग्नल ८२ टक्के, चॅनल तेच, रेट ६.५.

पाणपोई

ड्रायव्हर म्हणतोय ना मग ड्रायव्हरच. विंडोजने आपोआप टाकलेला काढा आणि डोंगलच्या कंपनीचा जुना टाका.

तारयंत्र

या वाक्याने हजारो लोकांनी ड्रायव्हर काढले-टाकले असतील, म्हणून जरा सविस्तर. 'ड्रायव्हरने तोडलं' याचा अर्थ एवढाच की तुम्ही बटण दाबून तोडलं नाही आणि विंडोजनेही ठरवून तोडलं नाही. राउटर स्वतःची हाक सेकंदाला साधारण दहा वेळा देत असतो. ती बराच वेळ ऐकू आली नाही की ड्रायव्हर विंडोजला कळवतो की संबंध सुटला. बातमी देणारा ड्रायव्हर आहे, गुन्हेगार तोच असेल असं नाही.

खरी गोष्ट त्या तीन आकड्यांत आहे. सिग्नल ८४चा ८२ झाला, म्हणजे बदललाच नाही. भिंत, अंतर, कपाट, कमकुवत अँटेना यांपैकी काही कारण असतं तर सिग्नल खाली यायला हवा होता. रेट मात्र ७२ मेगाबिटवरून ६.५वर कोसळला. ७२ म्हणजे तुमच्या डोंगलला २० मेगाहर्ट्झ रुंदीत मिळू शकणारा सगळ्यात वरचा वेग आणि ६.५ म्हणजे तळाचा. राउटरचा आवाज तुमच्या डोंगलपर्यंत तेवढाच मोठा येतोय, पण डोंगलला तो कळत नाहीये. लग्नात बँड शेजारी वाजत असताना समोरचा माणूस ओरडून बोलला तरी शब्द लागत नाहीत, तसं. म्हणजे जवळपास कुठेतरी गोंगाट सुरू होतो, आणि तो फक्त तासाच्या वेळी.

गवतफुलांनी सांगितलेली शेजाऱ्यांची गर्दी हे एक कारण असू शकतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे दुसरं, तो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि तुमचं चॅनल ६ म्हणजे २४३७. पण हे दोन्ही असते तर त्याच खोलीत मोबाइललाही २.४वर त्रास झाला असता. म्हणून चार प्रश्न:

मोबाइल २.४वर असतो की ५वर? तासाच्या वेळी मायक्रोवेव्ह चालू असतो का? ज्या संध्याकाळी तास सुरळीत गेला त्या दिवशी वेगळं काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅबिनेटच्या मागे डोंगलच्या शेजारी काय काय लावलेलं आहे? शक्य असेल तर एकेक वायर मोजून सांगा.

स्टुटगार्टकर

मोबाइल ५वर असेल तर तोही सुरक्षित आहेच असं धरू नका. आमच्याकडे जर्मनीत ५ गिगाहर्ट्झच्या ५२पासून पुढच्या चॅनलांवर राउटरला आधी रडार आहे का ते ऐकावं लागतं. साध्या चॅनलांवर एक मिनिट, १२० ते १२८ या हवामान रडारच्या पट्ट्यात दहा मिनिटं. मध्येच रडारची चाहूल लागली तर राउटरने चॅनल सोडायचं हा नियम आहे. घरातली सगळी उपकरणं एकदम तुटायची आणि काही वेळाने परत यायची, राउटरच्या लॉगमध्ये रडारची नोंद सापडली तेव्हा उलगडा झाला. ३६ ते ४८ यांतलं चॅनल कायमचं ठेवलं, तेव्हापासून ठीक. रानजाई यांचं प्रकरण हे नाही, पण कुणी 'सगळंच एकदम जातं' म्हणत इथे आलं तर उपयोगी पडेल.

जांभा

सगळंच एकदम जातं यावरून आठवलं. राउटरचा अडॅप्टरही बघावा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज खाली-वर होते. १२ व्होल्टचा अडॅप्टर म्हातारा झाला होता, व्होल्टेज जरा उतरलं की राउटर गुपचूप रीस्टार्ट व्हायचा. दिवे लागलेलेच असायचे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. राउटरच्या स्टेटसच्या पानावर 'अपटाइम' असतो. आठवडाभर बंद न केलेला राउटर 'चालू होऊन वीस मिनिटं झाली' म्हणत असेल तर वायफायला दोष देऊ नका. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा आकार तोच. सोबत राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस लावला तर वीज गेली तरी तास चालू राहतो.

रानजाई

उत्तरं देते.

मोबाइल ५वर आहे. तो २.४वर घेऊन कॉम्प्युटरच्या टेबलापाशी बसले, तर तासाच्या वेळी मोबाइलही अडखळला! हॉलमध्ये गेले की २.४वरसुद्धा नीट. मायक्रोवेव्ह आमच्याकडे नाहीच.

मागे वरून खाली: कीबोर्ड, माऊस, त्याखाली दोन निळे पोर्ट. एकात डोंगल, दुसऱ्यात बाबांची बाहेरची हार्ड डिस्क. ती तिथेच कायम लावलेली असते.

सुरळीत गेलेल्या दिवसांचं बाबांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी चाचणी होती. मुलं सोडवत बसली होती, यांना फक्त लक्ष ठेवायचं होतं. मग मी विचारलं, रोजच्या तासात आणि त्यात फरक काय? तर म्हणाले, 'चाचणीचं रेकॉर्डिंग कशाला करायचं?' रोजचं रेकॉर्डिंग ते करतात, शेतीच्या कामाला गेलेल्या मुलांना नंतर बघता यावं म्हणून. आणि ते थेट त्या हार्ड डिस्कवर जातं.

तारयंत्र

ताई, सापडलं असं मला वाटतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

निळे पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने जाते. एवढ्या वेगाच्या संदेशातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. केबलचं किंवा पेटीचं आवरण नीट नसेल तर तो बाहेर गळतो. तुमचं डोंगल त्या केबलच्या अगदी खेटून बसलेलं आहे. दुपारी व्हिडिओ बघताना डिस्क निवांत असते. तासात रेकॉर्डिंग सतत डिस्कवर लिहिलं जातं, गोंगाट सुरू, डोंगल बहिरं. चाचणीच्या दिवशी रेकॉर्डिंग नाही, तास सुरळीत. २.४वरचा मोबाइल टेबलापाशी अडखळला आणि हॉलमध्ये नाही, हा तर जवळजवळ पुरावाच.

पाणपोई

पटत नाही. डिस्क वायरने जोडलेली, वायफाय हवेतून. असं असतं तर प्रत्येकाच्याच कॉम्प्युटरचं वायफाय बंद पडलं असतं.

तारयंत्र

@पाणपोई, शंका रास्त आहे. ही माझी कल्पना नाही, इंटेलने २०१२मध्ये यावर मोजमापांसह लेख प्रसिद्ध केला होता. २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी माऊसचा रिसीव्हर यूएसबी ३च्या डिस्कजवळ ठेवला की त्याचा पल्ला कसा कमी होतो, हे त्यात दाखवलं आहे. प्रत्येकाला त्रास होत नाही कारण अंतर फार महत्त्वाचं. लॅपटॉपचा वायफाय अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला असतो, पोर्टपासून दूर. घरातले बरेच लोक आता ५ गिगाहर्ट्झवर असतात, तिथे हा गोंगाट तितका पोचत नाही. वाईट जोडी म्हणजे फक्त २.४वर चालणारं छोटं डोंगल आणि त्याला खेटून यूएसबी ३ची डिस्क.

पण माझ्यावर किंवा इंटेलवर विश्वास ठेवण्याची गरज नाही, दहा मिनिटांत तपासता येतं. रानजाई ताई, तास नसताना राउटरला पिंग लावा. मग एखादी मोठी फाइल, चार-पाच जीबीची, डिस्कवर कॉपी करायला टाका आणि पिंगचे आकडे बघा. कॉपी थांबवा, परत बघा. मग डिस्क काढून तीच फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा. तिसऱ्या वेळी पिंग शांत राहिला तर शंकेला जागा उरत नाही.

रानजाई

केलं! कॉपी सुरू केली की पिंग ३वरून दोनशे-तीनशे, मध्ये मध्ये टाइम्ड आउट. थांबवली की काही क्षणांत ३. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. आतल्या डिस्कवर कॉपी केली तेव्हा पिंग हललासुद्धा नाही. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते, त्यांनी स्वतः कागदावर आकडे लिहिले. आता कायमचा उपाय सांगा, शक्य तितका स्वस्त.

तारयंत्र

स्वस्तातला स्वस्त फुकटच आहे. डिस्कची वायर निळ्या पोर्टमधून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २च्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या बाजूला मोकळा असेल तर फारच छान. तिथे ती ४८० मेगाबिटवर चालेल, रेकॉर्डिंगला तेवढा वेग पुरून उरतो. मोठ्या फाइली कॉपी करताना वेळ जास्त लागेल, एवढंच.

त्याच्या जोडीला यूएसबी २ची एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर उंच आणा. लोखंडी पेटीची आडही जाईल, पाणपोईंनी म्हटलं होतं तो मुद्दाही त्यातच सुटतो. गवतफुलांचा चॅनलचा सल्लाही आता अमलात आणा, पण वरचे दोन बदल करून दोन दिवस बघितल्यावरच. सगळं एकाच दिवशी नको.

पुढे कधी खर्च करायचा झालाच तर ५ गिगाहर्ट्झ चालणारं डोंगल घ्या. पाकिटावर 'एसी' किंवा 'एएक्स' आणि 'ड्युअल बँड' लिहिलेलं हवं. नुसतं 'एन' आणि १५० लिहिलेलं बहुतेक फक्त २.४वर चालतं.

गवतफुला

मदरबोर्डवरच वायफाय असलेल्या लोकांसाठी एक भर. मागे पितळी रंगाचे दोन गोल स्क्रू असतात, तिथे अँटेना लावायचे असतात. असेंबल करणारा बऱ्याचदा ते बॉक्समध्येच ठेवून देतो. अँटेनाशिवाय राउटरजवळ असेपर्यंत वायफाय चालतंही, म्हणून कुणी बघत नाही. खोलीचं दार लावलं की तुटायला लागतं. बॉक्स टाकून देण्याआधी तपासा.

कडीपत्ता

माझं सुटलं. लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकून फरक पडला नाही, पण मिश्र सेटिंग काढून नुसतं डब्ल्यूपीए-२ केल्यावर तासाचा ठोका बंद झाला. तारयंत्र, मनापासून आभार.

रानजाई

डिस्क काळ्या पोर्टमध्ये गेली, डोंगल टेबलावर आलं. त्यानंतरचे सगळे तास रेकॉर्डिंगसकट न तुटता झाले. पिंगची खिडकी बाबा अजून उघडी ठेवतात, त्यांना आता तिची सवय लागली आहे. चॅनल ११ केलं, त्यानेही वेळ आणखी स्थिर दिसतो आहे.

तरी तासाचं काम महत्त्वाचं असल्याने हॉलपासून आतपर्यंत वायरच टाकावी असं घरात चाललं आहे. वायरमन म्हणतो लाइटच्याच पाइपातून ओढून देतो. चालेल का?

तारयंत्र

वायर टाकताय हे उत्तम, एका जागी बसलेल्या कॉम्प्युटरला वायरसारखं दुसरं काही नाही. पण लाइटच्या पाइपातून नको. सुरक्षेसाठीही नको आणि २३० व्होल्टच्या वायरला चिकटून लांबवर गेली तर त्रासही होऊ शकतो. केबल टीव्हीचा किंवा टेलिफोनचा जुना पाइप भिंतीत असेल तर तो वापरा, नाहीतर कडेने पट्टी मारून न्या.

केबल कॅट-६ घ्या आणि दुकानात 'प्युअर कॉपर' स्पष्ट विचारा. स्वस्तात सीसीए नावाची मिळते, ती आतून अॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा. ओढताना तुटते, टोकंही नीट बसत नाहीत. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

जांभा

आणि दोन्ही टोकांचे रंग एकाच क्रमाने लावायला सांगा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमच्याकडच्या माणसाने हिरव्याच्या जागी निळा टाकला होता, नेट चालायचं पण रडत-खडत.

तारयंत्र

बरोबर. लावून झाल्यावर वायरमनला पैसे देण्याआधी विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये 'स्पीड' बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे असतील तर १ गिगाबिट दिसायला हवं. १०० मेगाबिट दिसलं तर चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नाही, टोक कापून पुन्हा क्रिंप करायला (नवं टोक दाबून बसवायला) सांगा.